वाघाचें छायाचित्र

नागपुराहून हैद्राबादेकडे जाणारा राजमार्ग पांढरकवडा मागें टाकून पैनगंगेच्या दिशेनें उतरूं लागला म्हणजे त्याच्या पश्चिमेस टिपेश्वरच्या रानाच्या टेकड्या लागतात. थंडीच्या दिवसांत, तांबडें फुटण्यापूर्वींच, सुन्ना गांवाजवळच्या फाटकापाशीं उघड्या जिप्सी गाड्यांची रांग उभी राहते. गाड्यांत बसलेली मंडळी कोणी पुण्याची, कोणी मुंबईची, कोणी हैद्राबादची. आणि बहुतेकांच्या गळ्यांत कॅमेरा. ही मंडळी कांहीं मारावयास आलेली नसते. वाघ दिसावा आणि त्याचें चित्र घेऊन घरीं परतावें, एवढीच तिची इच्छा असते. शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं याच मुलखांत वाघाच्या मागें निघालेला बडा पाहुणा मेलेल्या वाघापाशीं बंदूक घेऊन उभा राही आणि मग आपलें चित्र काढवून घेई. हा पालट कसा घडला, छायाचित्रानें त्यांत कोणता वांटा उचलला, आणि त्यापासून वाघाचें व वाघाशेजारीं राहणाऱ्या माणसाचें काय झालें, हा इतिहास यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्तानें पाहण्यासारखा आहे.

आरंभींच एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. टिपेश्वरला कोणी कोणी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तें अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या दोहोंत भेद केला आहे. राष्ट्रीय उद्यानांत गुरें चारण्यास मुभा नाहीं, व तेथील जमिनीवरचे लोकांचे हक्क सरकारनें आपल्याकडे घेतलेले असतात. अभयारण्यांत कांहीं हक्क परवानगीनें चालूं राहूं शकतात. यवतमाळ जिल्ह्यांत अशीं अभयारण्यें आहेत. उमरखेडच्या बाजूस, नांदेड जिल्ह्याला लागून, पैनगंगा अभयारण्य १९९६ सालीं झालें. आणि पांढरकवड्याच्या बाजूस टिपेश्वर १९९७ सालीं झालें. टिपेश्वरचें क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यानच पाहावयाचें तर वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोब्यास जावें लागतें. नांवें निराळीं असलीं तरी प्रवाशाचा हेतु दोन्हीकडे एकच असतो, आणि रान राखून ठेवण्यामागील विचारहि एकच आहे.

तो विचार कायद्याच्या रूपानें प्रथम अमेरिकेंत आकारास आला, आणि त्याच्या जन्मवेळीं कॅमेरा हजर होता. १८६१ सालीं कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकारानें कॅलिफोर्नियांतील योसेमिटी खोऱ्याचीं मोठमोठीं चित्रें घेतलीं. तीं पूर्वेकडील शहरांत पोंचलीं. आणि १८६४ सालीं, यादवी युद्ध चालू असतांनाच, अध्यक्ष लिंकन यांनीं तें खोरें लोकांसाठीं राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढें १८७१ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ हेडन यांची सरकारी तुकडी यलोस्टोनच्या पाहणीस निघाली. तिच्याबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार व टॉमस मोरान हा चित्रकार होता. त्या काळीं छायाचित्र घेणें म्हणजे एक लहानशी मोहीमच असे. कांचेवर रसायनाचा ओला थर द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावयाचें, आणि लागलीच अंधाऱ्या तंबूंत तें धुवून काढावयाचें. हा सारा पसारा खेचरांच्या पाठीवरून डोंगरांत न्यावा लागे. जमिनींतून उसळणाऱ्या कढत पाण्याच्या फवाऱ्यांच्या गोष्टी तोंपर्यंत पुष्कळांना थापा वाटत. जॅक्सनचीं छायाचित्रें व मोरानचीं रंगचित्रें अमेरिकन कायदेमंडळाच्या सभासदांनीं पाहिलीं, आणि १ मार्च १८७२ रोजीं यलोस्टोन हें राष्ट्रीय उद्यान कायद्यानें अस्तित्वांत आलें.

परंतु त्या उद्यानाच्या चित्रांत जें आलें त्याइतकेंच, जें आलें नाहीं तेंहि महत्त्वाचें होतें. फवारे आले, धबधबे आले. पण त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून राहणारे मूळचे लोक पाहणाराच्या मनांत आले नाहींत. तो प्रदेश निर्मनुष्यच होता असा समज दृढ झाला, आणि थोड्याच वर्षांत त्या लोकांना उद्यानाबाहेर काढण्यांत आलें. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. कारण चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेल्या माणसाचा प्रश्न पुढें यवतमाळच्या रानांतहि उभा राहावयाचा आहे.

हिंदुस्थानांत छायाचित्रकला येण्यास उशीर लागला नव्हता. मुंबईस १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकीं एक होते. मंदिरें, लेणीं, राजेरजवाडे व शहरें यांचीं चित्रें निघूं लागलीं. रानांत मात्र कॅमेरा गेला तो बंदुकीच्या पाठोपाठ. यंत्र अवजड, त्याला लागणारा उजेड पुष्कळ व वेळ फार. जिवंत वाघ तेवढा वेळ उभा कसा राहणार? मेलेला वाघ मात्र हवा तितका वेळ स्थिर राही. म्हणून पहिलीं व्याघ्रचित्रें हीं बहुधा व्याघ्रवधाचीं चित्रें आहेत.

यांतील एक चित्र वऱ्हाडच्या इतिहासाशीं जोडलेलें आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला होता, पण त्याची मालकी नांवाला निजामाचीच होती. हा गुंता कायमचा सोडविण्यासाठीं व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन १९०२ च्या मार्चअखेर हैद्राबादेस गेले आणि निजाम महबूब अली खान यांची भेट घेऊन त्यांनीं वऱ्हाडच्या कायम पट्ट्याची बोलणीं केलीं. त्याच दौऱ्यांत निजामाच्या राज्यांत व्हाइसरॉयांसाठीं वाघाची शिकार झाली. लॉर्ड व लेडी कर्झन उभे आहेत आणि पायाशीं मेलेला वाघ पडला आहे, असें त्या वेळचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. तें राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रशाळेचें. प्रांताचा पट्टा आणि वाघाची शिकार हीं दोन्हीं कामें एकाच पाहुणचारांत चाललीं होतीं. तीन वर्षांनीं, १९०५ सालीं, वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली. १८६४ सालीं निघालेल्या आणि वणी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यास पुसदचा भाग जोडला गेला आणि त्याचें नांव यवतमाळ असें पडलें.

या जिल्ह्याचें रान केवळ शिकारीनें ओसरलें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडी कापसास एकाएकीं भाव आला. काळ्या जमिनीचा तुकडा न्‌ तुकडा नांगराखालीं जाऊं लागला. वाघ मारणारास सरकारांतून बक्षीस मिळे, कारण वाघ हा शेतीच्या वाढीस अडथळा समजला जाई. पैनगंगेच्या व वर्धेच्या खोऱ्यांत साग, धावडा, मोह, पळस यांचें रान टेकड्यांवर तेवढें उरलें, आणि वाघ त्या टेकड्यांत कोंडला गेला. आज सागाची दाट झाडी संपते तेथूनच कपाशीचें शेत सुरू होतें. यवतमाळच्या वाघाची सारी पुढील कथा या एका बांधावर घडलेली आहे.

जिवंत वाघाचें चित्र घेण्याचें श्रेय मुख्यतः एका वनाधिकाऱ्याकडे जातें. एफ्‌. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतांत, हिमालयाच्या पायथ्याशीं, वनखात्यांत नोकरीस होते. त्यांना वाघ मारण्याचा तिटकारा होता. वाघाच्या नेहमींच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवावयाची. त्याचा पाय तिला लागला कीं प्रकाशाचा लोळ उठावा आणि चित्र आपोआप निघावें, अशी त्यांची युक्ति होती. कित्येक रात्री फुकट गेल्यावर एखादें चित्र साधे. १९२५ सालीं त्यांचीं व्याघ्रचित्रें लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानें छापलीं, आणि १९२७ सालीं त्यांचें कॅमेऱ्यासह व्याघ्रभूमींतील भ्रमणाचें पुस्तक निघालें. त्यांच्या उदाहरणानें जिम कॉर्बेट यांनीहि कॅमेरा हातीं घेतला. पुढें १९३६ सालीं कुमाऊंच्या पायथ्याशीं हिंदुस्थानांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. प्रथम त्याचें नांव हेली असें होतें, आज तें कॉर्बेटच्या नांवानें ओळखलें जातें.

चॅम्पियन यांच्या लक्षांत आणखी एक गोष्ट आली होती, आणि तीच पुढें सर्वांत मोलाची ठरली. एका वाघाच्या अंगावरचे पट्टे दुसऱ्या वाघासारखे कधींहि नसतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें ती त्या जनावराची जन्मभराची खूण असते. बंदूकवाल्याला वाघ म्हणजे केवळ वाघ होता. कॅमेऱ्याला मात्र हा वाघ आणि तो वाघ निराळे दिसूं लागले.

ताडोब्याच्या रानांत १९३५ सालीं शिकारीस बंदी झाली, आणि १९५५ सालीं तेथें सुमारें ११६ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान झालें. सध्याच्या महाराष्ट्रांतील तें सर्वांत जुनें होय. त्या वेळीं चंद्रपूर व यवतमाळ हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यांत होते. परंतु उद्यानाच्या कुंपणाबाहेर बंदुकीचा आवाज स्वातंत्र्यानंतरहि वीस-पंचवीस वर्षें थांबला नाहीं. १९७२ च्या गणतींत देशभरांत १८२७ वाघ भरले. त्याच वर्षीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आरंभींच्या नऊ रानांत वऱ्हाडचा मेळघाट होता.

गणती त्या काळीं पावलांच्या ठशांवरून होई. ती किती फसवी असूं शकते हें २००५ सालीं राजस्थानांतील सरिस्का येथें एकहि वाघ उरला नसल्याचें उघड झालें तेव्हां कळून चुकलें. त्यानंतर चॅम्पियन यांच्या जुन्या युक्तीला नवें रूप आलें. झाडाच्या बुंध्यास समोरासमोर दोन लहान कॅमेरे बांधावयाचे. मधून जनावर गेलें कीं दोन्ही कुशींचें चित्र निघतें. वनखात्याचे लोक यास ट्रॅप कॅमेरा म्हणतात. २००६ सालापासून देशाची व्याघ्रगणना या रीतीनें होऊं लागली. पहिल्या फेरींत १४११ हा आंकडा निघाला; २०१८ च्या फेरींत तो २९६७ वर गेला. त्या एका फेरींत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले होते, आणि साडेतीन कोटींच्या जवळपास निघालेल्या चित्रांत वाघांचीं चित्रें ७६,६५१ होतीं. महाराष्ट्राच्या वांट्यास २०१८ सालीं ३१२ वाघ आले, आणि २०२२ सालीं ४४४.

हे वाढलेले वाघ राहावयाचे कोठें, हा प्रश्न यवतमाळनेंहि अनुभवला. राळेगांव व पांढरकवडा या भागांत, अभयारण्याच्या बाहेर, शेतें व झुडपी रानें यांच्या सरमिसळींत एक वाघीण वावरत होती. सरकारी दप्तरांत तिचें नांव टी-१ असें होतें. प्राणिप्रेमी तिला अवनी म्हणत. २०१६ ते २०१८ या काळांत त्या टापूंत १३ माणसांचे मृत्यु तिच्या नांवें लागले. त्यांतील किती खरोखर तिच्याकडून झाले, याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. तिला ओळखण्यासाठीं रानांत कॅमेरे बांधले, पायदळ पथकें फिरलीं, हत्ती आणले, आकाशांत ड्रोन सोडले. प्रथम बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न व्हावा, तें न साधल्यास गोळी घालावी, असा आदेश होता. सप्टेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या आदेशांत हात घालण्याचें नाकारलें. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटी गांवाजवळ ती गोळीस बळी पडली. मागें सुमारें दहा महिन्यांचे दोन बछडे राहिले.

त्यानंतरचे दिवस विचार करण्यासारखे आहेत. दूरच्या शहरांत लोक तिचें छायाचित्र हातीं धरून रस्त्यावर आले. आणि राळेगांवच्या बाजूस खेड्यांतून फटाके वाजले. दोन्हीकडचे लोक आपल्या परीनें खरे होते. शहरांतल्या माणसानें वाघीण चित्रांत पाहिली होती. खेड्यांतील माणसानें ती पाहिली असो वा नसो, तिच्या भयानें दिवस काढले होते. ते कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणीस बायामाणसें वांकून काम करतात, समोरचें दिसत नाहीं. गुराखी गुरें घेऊन रानाच्या कडेला जातो. रात्रीं रोही व रानडुकरें पीक खाऊन जातात म्हणून शेतकऱ्याला जागलीवर जावें लागतें. हीं कामें टाळावयाचीं तर वर्षाचें पोट कशावर भरावयाचें? त्या भागांतील कोलाम व गोंड लोकांचा तर रानाशीं संबंध अभयारण्याच्या कितीतरी आधींचा आहे. यलोस्टोनच्या चित्रांत जो माणूस आला नाहीं, तोच हा माणूस. फरक इतकाच कीं यवतमाळांत तो चौकटीबाहेर गप्प बसला नाहीं.

याच्या दुसऱ्याच वर्षीं याच जिल्ह्यांतून एक निराळी हकीकत जगापुढें आली. टिपेश्वरांत जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यांत अभ्यासासाठीं रेडिओपट्टा बांधण्यांत आला होता. त्याची आई टिपेश्वरांतील वाघीण. राळेगांवची टी-१ ती नव्हे. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडास तो बाहेर पडला. पैनगंगेपलीकडे तेलंगण, तेथून मराठवाडा, मग पुन्हां वऱ्हाड, असें करीत पांच महिन्यांत सुमारें १३०० किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. पुढील भटकंती धरून त्याची चाल ३००० किलोमीटरांवर गेली. रात्रीं चालावें, दिवसा नाल्यांत किंवा उभ्या पिकांत दडून राहावें, अशी त्याची रीत होती. शेंकडों गांवांच्या शिवांतून तो गेला. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताहि लागला नाहीं. त्याला हवी होती स्वतःची जागा व जोडीदारीण. १४८ चौरस किलोमीटरांच्या रानांत प्रत्येक बछड्याला ती मिळणें शक्य नव्हतें.

डिसेंबर २०२४ मध्यें आणखी एक साक्ष मिळाली. धाराशिव जिल्ह्यांतील येडशी-रामलिंगच्या लहानशा अभयारण्यांत ट्रॅप कॅमेऱ्यांत वाघ उमटला. त्या उघड्या माळरानाच्या मुलखांत वाघ ही गोष्ट लोक विसरून गेले होते. चित्रांतील पट्टे जुन्या चित्रांशीं ताडून पाहिले तेव्हां तो टिपेश्वरचा ठरला. म्हणजे कांहींशें किलोमीटर चालून आलेला. त्याच्या गळ्यांत पट्टा नव्हता. केवळ पूर्वीं कोणीतरी नीट घेऊन ठेवलेल्या चित्रामुळें त्याचें गांव समजलें.

राहतां राहिला प्रश्न फाटकापाशीं रांगेंत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या कॅमेऱ्याचा. त्याच्या येण्यानें मार्गदर्शक पोरांना, गाडीवानांना, खाणावळ चालविणाऱ्या घरांना चार पैसे मिळतात, आणि रान राखण्यांत गांवाला लाभ दिसूं लागतो. ही मोठी गोष्ट आहे. पण चित्राचा हव्यास बंदुकीच्या हव्यासासारखाच आंधळा होऊं शकतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण व तिचे बछडे यांची वाट दोन्ही बाजूंनीं पर्यटकांच्या गाड्यांनीं अडविली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि गाडीवान व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. पूर्वीं हांकारे घालून वाघाला बंदुकीपुढें आणीत. येथें गाड्या घालून कॅमेऱ्यापुढें आणला, इतकेंच. आणि विशेष हें कीं या प्रकाराचा पुरावाहि कॅमेऱ्यानेंच दिला.

मराठी वाचकाला रान कसें पाहावें हें शिकविणारे थोर लोक लाभले आहेत. व्यंकटेश माडगूळकरांनीं नागझिऱ्याच्या रानांत मुक्काम करून त्यावर पुस्तक लिहिलें. वनाधिकारी मारुति चितमपल्ली यांनीं सबंध आयुष्य विदर्भाच्या रानांत घालवून पांखरें, झाडें व आदिवासींची भाषा मराठींत आणली. १८ जून २०२५ रोजीं ते निवर्तले. यांच्या लेखनांत वाघ क्वचित् येतो. येतात तीं तळीं, घरटीं, पायवाटा आणि त्या वाटांनीं चालणारीं माणसें. टिपेश्वरास जाणाऱ्या प्रवाशाला सकाळच्या फेरींत वाघ दिसेलच असें नाहीं. चितळ, सांबर, रोही, अस्वलाच्या पंजांचे ओरखडे, मोहाखालीं पडलेलीं फुलें हीं मात्र पाहणाऱ्याला चुकत नाहींत.

आणि रानांतून बाहेर पडतांना फाटकाच्या अलीकडे जी कपाशी लागते, तिच्या बांधावर क्षणभर थांबावयास हरकत नाहीं. तेथें शेतकऱ्यानें रात्रीच्या जागलीसाठीं चार लांकडांवर माळा बांधलेला असतो. वाघाचें चित्र घेऊन आलेल्या प्रवाशानें, माळ्याच्या धन्याला विचारून, त्या माळ्याचेंहि एक चित्र घ्यावें. घरीं गेल्यावर दोन्हीं चित्रें शेजारींशेजारीं लावलीं, म्हणजे टिपेश्वरचें रान राखण्याचा खर्च कोणाकडून वसूल होतो, हें पाहणाऱ्यास वेगळें सांगावें लागणार नाहीं.